हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरचा आकडा

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊसतोडणीच्या हंगामात थोडा वेळ उभे राहिले, तर हायड्रॉलिक यंत्रांचा एक मोठा ताफाच नजरेखालून जातो. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे पलटी नांगर उचलून धरलेले ट्रॅक्टर, मुरूम वाहणारे डंपर, जेसीबी, पोकलेन आणि अलीकडच्या काही वर्षांत ऊसतोडणी यंत्रेही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत गेले, तर तेथील प्रेस, प्लॅस्टिकचे सुटे भाग घडवणारी मोल्डिंग यंत्रे आणि फोर्कलिफ्ट याच तत्त्वावर चालताना दिसतात. या सर्व यंत्रांची ताकद इंजिनातून किंवा मोटारीतून निघते हे खरे. परंतु कामाच्या जागी ती पोहोचवतो तो पाइपमधून धावणारा द्रव. हा द्रव म्हणजेच हायड्रॉलिक तेल.

यंत्र घेताना शेतकरी किंवा ठेकेदार दहा ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती, अॅव्हरेज, टायर, कर्जाचा हप्ता, सगळे पडताळून पाहतो. तेल भरण्याची वेळ येते तेव्हा मात्र "हायड्रॉलिकची एक बादली द्या" एवढ्यावर व्यवहार उरकतो. फार तर झाकण उघडून रंग पाहिला जातो, दोन बोटांत थेंब चोळून "तेल घट्ट आहे" असा निर्वाळा दिला जातो. रंग आणि बोटे या दोन्ही कसोट्या या तेलाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहेत. डब्यावर छापलेला एक लहानसा आकडा आणि त्यालगतची दोन-चार अक्षरे यांत जी माहिती असते, ती बोटांना कधीच कळत नाही.

तेल नेमके करते काय?

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास मांडला. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास दीडशे वर्षे जावी लागली. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. हिशेब सोपा आहे. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर दहा किलोचा जोर दिला आणि त्याला जोडलेला दुसरा दट्ट्या शंभर चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तेथे एक हजार किलोचा जोर मिळतो. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर उचलण्यासाठी लहान दट्ट्याला शंभर सेंटिमीटर सरकावे लागते. हे सरकण्याचे काम यंत्रात पंप अखंडपणे करीत असतो.

ब्रामा यांच्या प्रेसमध्ये पाणी वापरले जात असे. पाणी स्वस्त आहे, ते पेट घेत नाही आणि दाबाने फारसे आकसतही नाही. परंतु पाण्याने लोखंड गंजते, ते पंपाच्या भागांमध्ये वंगण म्हणून टिकत नाही आणि थंडीत गोठते. म्हणून पुढे खनिज तेल आले. आजच्या हायड्रॉलिक तेलाला एकाच वेळी चार कामे करावी लागतात. ताकद वाहून न्यायची, पंप आणि व्हॉल्व्हना वंगण पुरवायचे, निर्माण झालेली उष्णता टाकीपर्यंत आणायची आणि झिजेतून सुटलेले कण फिल्टरपर्यंत पोहोचवायचे. बैलगाडीच्या कण्याला लावायच्या वंगणाकडे ज्या नजरेने पाहिले जाई, त्याच नजरेने याही तेलाकडे पाहणे महागात पडते ते यामुळेच. वंगण कमी पडले तर गाडी कुरकुरत का होईना, पुढे जात असे. येथे तेल बिघडले की ताकदच हरवते.

चाळीस, अडुसष्ट आणि नव्वद

डब्यावर ३२, ४६ किंवा ६८ असा आकडा असतो. 'सर्वो सिस्टिम ६८' किंवा 'एन्क्लो ६८' या नावांमधील शेवटचा आकडा तोच. तो किंमत, दर्जा किंवा ताकद दाखवीत नाही. तेल ४० अंश सेल्सिअस तापमानाला किती दाट असते, एवढेच तो सांगतो. या दाटपणाला व्हिस्कॉसिटी म्हणतात, पाठ्यपुस्तकांत त्यास श्यानता असा शब्द आहे आणि त्याचे एकक सेंटिस्टोक. ४६ क्रमांकाचे तेल ४० अंशांना सुमारे ४६ सेंटिस्टोक असते. त्यात दहा टक्के कमी-अधिक चालते.

गोंधळ होतो तो इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलच्या आकड्यांमुळे. चाळीस नंबरचे इंजिन ऑइल, अडुसष्टचे हायड्रॉलिक आणि नव्वदचे गिअर ऑइल हे एकाच पट्टीवरचे आकडे आहेत, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात या तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. अडुसष्टचे हायड्रॉलिक तेल चाळीसच्या इंजिन ऑइलपेक्षा बरेच पातळ असते. ते साधारण वीस नंबरच्या इंजिन ऑइलइतके भरते. आणि चाळीसचे इंजिन ऑइल व नव्वदचे गिअर ऑइल यांचा शंभर अंशांवरील दाटपणा जवळपास सारखाच असतो. "अडुसष्ट संपले आहे, चाळीस घाला, थोडे पातळच आहे" हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. त्याने पंपाला जास्त दाट तेल ओढावे लागते.

दाटपणा तापमानानुसार किती बदलतो, हे पाहिले म्हणजे या दोन तालुक्यांची अडचण ध्यानात येते. शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेतील, कोरड्या हवेचा भाग. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्याच्या पहाटे कधी दहा अंशांच्या आसपास उतरतो. सर्वसाधारण ४६ क्रमांकाचे तेल दहा अंशांवर अडीचशेहून अधिक सेंटिस्टोक दाट असते. तेच तेल टाकीत ८० अंशांपर्यंत तापले, की सुमारे ११ सेंटिस्टोक उरते. पहाटे मधासारखे असलेले तेल दुपारी रॉकेलच्या दिशेने जाऊ लागते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बहुतेक पंपांना काम करताना १६ ते ३६ सेंटिस्टोकच्या दरम्यानचे तेल मानवते. दहाच्या खाली गेले, की धातूंच्या मधला तेलाचा पापुद्रा तुटतो आणि झीज सुरू होते. ६८ चे तेल त्याच ८० अंशांवर जवळपास १५ सेंटिस्टोक टिकते. उष्ण भागात अनेक यंत्रांना ६८ क्रमांक सुचविला जातो त्याचे हे कारण. परंतु यंत्राच्या पुस्तिकेत ४६ सांगितले असताना आपल्या मनाने ६८ भरले, तर पहाटे यंत्र चालू करताना दाट तेल पंपापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, पंप कोरडा ओढतो आणि खडखडाट ऐकू येतो. हा आवाज म्हणजे पंपाच्या आत धातूचे बारीक टवके उडत असल्याचा इशारा असतो.

तापमान बदलले तरी दाटपणा कमी बदलावा, हा गुण व्हिस्कॉसिटी इंडेक्स या अंकाने मोजतात. अंक जितका मोठा, तितके तेल स्थिर. साध्या तेलांचा हा अंक शंभरच्या आसपास असतो. डब्यावर 'एचएलपी' किंवा 'एचएम' अशी अक्षरे असतील, तर त्यात झीज रोखणारी रसायने मिसळलेली असतात. 'एचव्हीएलपी' किंवा 'एचव्ही' असेल, तर त्याखेरीज व्हिस्कॉसिटी इंडेक्सही वाढवलेला असतो. पहाटे थंडीत सुरू होऊन दुपारी उन्हात राबणाऱ्या यंत्राला हे दुसरे तेल अधिक मानवते. ते महाग असते, ही गोष्ट वेगळी.

रंगाविषयी एवढेच, की तो सहज मिसळता येतो. नवे खनिज तेल बहुधा फिकट पिवळसर असते. लाल रंग पाहून ते गिअरचे की हायड्रॉलिकचे, भारी की हलके, हे ठरवता येत नाही.

ट्रॅक्टरचे तेल वेगळे का?

ट्रॅक्टरच्या मागील तीन दांड्यांवर अवजार उचलण्याची आणि नांगराची खोली आपोआप राखण्याची हायड्रॉलिक पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश तंत्रज्ञाने विकसित केली. १९३६ मध्ये ती बसवलेले ट्रॅक्टर विक्रीस आले. गावोगावी दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसन या नावातील फर्ग्युसन ते हेच. आज कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, मागची रचना मुळात तीच आहे.

ट्रॅक्टर आणि जेसीबी यांच्या तेलात मात्र मोठा फरक आहे आणि आपल्याकडे सर्वाधिक नुकसान या एका गैरसमजातून होते. जेसीबीत किंवा पोकलेनमध्ये हायड्रॉलिक तेलाची टाकी स्वतंत्र असते. बहुतेक ट्रॅक्टरांत तशी नसते. गिअर बॉक्स, डिफरन्शियल, लिफ्ट आणि ज्यांना आपल्याकडे ऑइल ब्रेक म्हणतात ते तेलात बुडालेले ब्रेक, ही सर्व मंडळी एकाच तेलावर जगतात. गिअरच्या दात्यांना जाड, दाब सोसणारा पापुद्रा हवा असतो. लिफ्टच्या पंपाला तेल चटकन वाहणारे हवे असते. ब्रेकच्या चकत्यांना तर नेमकेपणाने घर्षण हवे असते, फार निसटते तेल तेथे चालत नाही. या परस्परविरोधी मागण्या भागवण्यासाठी ट्रॅक्टरचे तेल वेगळ्या रसायनांनी बनवलेले असते. 'यूटीटीओ' अशी अक्षरे त्यावर आढळतात.

आता या ट्रॅक्टरमध्ये जेसीबीचे अडुसष्ट भरले तर काय होते? लिफ्ट उत्तम चालते. म्हणूनच फसगत होते. महिना-दोन महिने सर्व आलबेल वाटते. पण दात्यांची झीज वाढत असते आणि ब्रेक लावताच किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागतो. उलट गिअरचे नव्वद नंबरचे तेल भरले, तर गिअर बॉक्स सुखात राहतो आणि लिफ्ट थंडीत जडपणे, धक्के देत उठते. चाळीस-पन्नास लिटर तेलात वाचवलेले काही हजार रुपये गिअर बॉक्स उघडण्याच्या एकाच खर्चात निघून जातात.

ट्रॉलीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. डंपिंग ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उठतो. ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा, हे आपल्याकडे नित्याचे. हंगामात एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना जोडली जाते. प्रत्येक वेळी जॅकमध्ये उरलेले काही लिटर तेल आधीच्या ट्रॅक्टरमधून पुढच्यात जाते. एकाचे यूटीटीओ, दुसऱ्याचे अडुसष्ट, तिसऱ्याचे कोणी तरी बादलीतून आणून ओतलेले. शिवाय होज पाइप जोडण्याची कपलिंगे ट्रॉली उभी असताना धुळीत लोंबकळत असतात. ती पुसल्याशिवाय जोडली, की उसाच्या शेतातली माती थेट पंपात. कपलिंगवर बसवायची रबरी टोपी काही रुपयांना मिळते. ती क्वचितच जागेवर सापडते.

डोळ्यांना न दिसणारी माती

हायड्रॉलिक यंत्रे बंद पडण्याची सर्वांत मोठी कारणे पंपाचा दर्जा किंवा चालकाचा हात ही नाहीत. तेलातील घाण हे पहिले कारण आहे. पंप आणि व्हॉल्व्हमधील फिरत्या भागांतील फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो आणि उघड्या डोळ्यांना ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. म्हणजे जी माती नुकसान करते, ती दिसतच नाही. 'तेल स्वच्छ दिसते आहे' हे वाक्य या बाबतीत निरर्थक ठरते.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मोजणी पद्धत आहे. एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती आहेत, हे तीन अंकांनी लिहितात. १८/१६/१३ असे लिहिले असेल, तर त्या थेंबभर तेलात ४ मायक्रॉनहून मोठे १३०० ते २५०० कण आहेत, असा अर्थ होतो. हे चांगल्या तेलाचे लक्षण मानतात, हे ऐकून सामान्य माणूस चकित होईल. कारखान्यातून सीलबंद आलेले नवे बॅरलही पुष्कळदा यापेक्षा मळकट असते. भरताना गाळून भरावे, ही सूचना म्हणूनच उगाच दिलेली नसते. साध्या कपड्याने गाळणे मात्र टाळावे. कपड्याचे धागेच तेलात उतरतात.

बॅरल ठेवण्याची पद्धत हा तर स्वतंत्र विषय ठरावा. २१० लिटरचे बॅरल उघड्यावर उभे ठेवले जाते. पावसात त्याच्या वरच्या कड्यात पाणी साचते. दुपारी बॅरल तापते आणि आतील हवा बाहेर जाते. रात्री ते थंड होते, आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून साचलेले पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट असले तरीही. बॅरल छपराखाली ठेवावे. ते शक्य नसेल, तर आडवे ठेवून दोन्ही बुचे घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी येतील असे फिरवावे, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात आणि हवा ओढली जात नाही.

पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. पण बारीक हवेनेही ते तसेच दिसू शकते. दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पारदर्शक बाटलीत नमुना भरून तो स्थिर ठेवावा. काही मिनिटांत तळाकडून वरपर्यंत तेल स्वच्छ होत गेले, तर ती हवा होती. तासाभरानेही ते गढूळच राहिले किंवा तळाशी पाण्याचा थर बसला, तर पाणी. हवा असेल तर पंपाकडे जाणाऱ्या पाइपची जोडणी सैल आहे का, टाकीतील पातळी कमी झाली आहे का, हे पाहावे.

हवेचे नुकसान वरवर दिसते त्यापेक्षा गंभीर असते. दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलो दाब पडला, तरी तेल जेमतेम सव्वा-दीड टक्का आकसते. म्हणूनच लिव्हर हलवताच बकेट हलते. हवेचा बुडबुडा त्याच दाबाखाली जवळपास नाहीसा होतो आणि क्षणात प्रचंड तापतो. त्याच्याभोवतीचे तेल करपते. लिफ्ट स्पंजासारखी लवचिक वाटू लागणे आणि तेलाला जळका वास येणे, ही दोन लक्षणे बऱ्याचदा एकत्र येतात त्याचे हे कारण आहे.

उष्णता, पाचट आणि आग

साधारण ६० अंशांच्या वर तेलाचे तापमान दर दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. तेल हवेशी संयोग पावून आंबट होते, त्यातून चिकट थर बनतो आणि तो व्हॉल्व्हमध्ये बसतो. ऊसतोडणी यंत्रात हा धोका अधिक. त्याची चाके, पाती, पंखे आणि उसाची वाहक पट्टी असे बहुतेक सर्व काही हायड्रॉलिक मोटारींवर चालते. तेल थंड करणारा कूलर पाचटाच्या तुसांनी भरतो आणि हवेचा मार्ग बंद होतो. तो दिवसातून अनेकदा झटकणे हे कंटाळवाणे काम आहे. ते टाळले, तर हंगामाच्या मध्यावरच तेल काळे पडते.

पाटस आणि आलेगाव येथील साखर कारखान्यांसारख्या ठिकाणी हायड्रॉलिकचे आणखी एक काम असते. उसातून रस काढणाऱ्या रुळांपैकी वरचा रूळ हायड्रॉलिक दाबाने खाली रेटलेला असतो. ऊस कमी-जास्त आला, तरी दाब सारखा राहावा, यासाठी नायट्रोजन वायू भरलेले संचायक जोडतात. रस थेट त्याखालून वाहत असल्याने तेथील गळती हा केवळ देखभालीचा प्रश्न राहत नाही.

खनिज तेल दाबाखाली फवाऱ्यासारखे उडून तापलेल्या धातूवर पडले, तर पेट घेते. तेलाची टाकी पेटायला वेळ लागतो, फवारा मात्र लगेच पेटतो. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळसा खाणीत असेच घडले. पाळण्यात नीट न बसलेल्या गाडीच्या धक्क्याने तेलाची नळी आणि विजेच्या तारा एकदमच तुटल्या. आगीत २६२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर युरोपात सहजी न पेटणाऱ्या हायड्रॉलिक द्रवांच्या कसोट्या ठरवण्याच्या कामास वेग आला. पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण हा त्यांतील सर्वांत परिचित द्रव. वितळलेल्या धातूजवळ चालणाऱ्या डायकास्टिंग यंत्रांत, भट्ट्यांजवळच्या यंत्रांत तो वापरतात. त्यातील पाणी उडून जात असल्याने ते वेळोवेळी मोजावे लागते आणि खनिज तेलावर चालणाऱ्या यंत्रात तो जसाच्या तसा ओतता येत नाही. सील आणि पंपही त्यास साजेसे लागतात.

ब्रेक ऑइलची गल्लत

जीप, पिकअप किंवा ट्रकच्या ब्रेकमधील द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणत असलो, तरी तो तेल नाही. तो ग्लायकॉलपासून बनलेला असतो. त्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. ब्रेकची पातळी कमी दिसली म्हणून त्यात हायड्रॉलिक तेल किंवा इंजिन ऑइल टॉप-अप करणे अत्यंत धोक्याचे आहे. या ब्रेकमधील रबरी सील ग्लायकॉलसाठीच बनवलेली असतात. खनिज तेल लागताच ती फुगतात. सुरुवातीला ब्रेक धरून राहतात, नंतर निकामी होतात. पुणे–सोलापूर महामार्गावर भरलेल्या पिकअपचे ब्रेक असे गेले, तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. एकदा तेल पडले, की नुसते काढून टाकून भागत नाही. सर्व सील बदलावी लागतात.

हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, हा त्याचा दुसरा दोष. नवा डॉट ३ द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यानंतर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये तो उकळला, की वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. उघडलेली बाटली वर्षभर टपरीच्या फळीवर पडून राहिलेली असेल, तर ती स्वस्तातही घेऊ नये.

सुईच्या टोकाएवढी जखम

हायड्रॉलिक तेलाने होणाऱ्या एका दुखापतीची माहिती ट्रॅक्टर-जेसीबी चालवणाऱ्या घरात असलीच पाहिजे. होज पाइपला बारीक छिद्र पडले, की त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही. गळती कुठे आहे, हे शोधण्यासाठी चालक पाइपवरून हात फिरवतो. त्वचा भेदण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोचा दाबही पुरेसा असतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तो दीडशेच्या घरात असतो आणि पोकलेनमध्ये तीनशेहून अधिक. तेल बोटात शिरते. वर उरते ती सुई टोचल्यासारखी खूण. पहिले काही तास फारसे दुखतही नाही. माणूस हळद लावून किंवा पट्टी बांधून पुन्हा कामाला लागतो.

आत मात्र तेल स्नायूंच्या आवरणांमधून हातभर पसरते, पेशी मरू लागतात आणि सूज रक्ताचा मार्ग अडवते. यावर मलम किंवा इंजेक्शन हा उपाय नाही. जखम उघडून तेल काढावे लागते, तेही काही तासांतच. दहा तासांहून अधिक उशीर झाला, तर बोट, कधी हातही गमावण्याची शक्यता बरीच वाढते. रुग्णालयात गेल्यावर "जास्त दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास तेलाचा डबा बरोबर न्यावा. खूण लहान असल्याने डॉक्टरांचीही दिशाभूल होऊ शकते. हाताची शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात थेट जाणे हितावह ठरते.

गळती शोधायची असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवावा. धार असेल तेथे त्यावर ओला ठिपका उमटतो. पाइप सोडवण्यापूर्वी बकेट किंवा ट्रॉली जमिनीवर उतरवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन-चार वेळा मागेपुढे करून अडकलेला दाब सोडावा. संचायक बसवलेल्या यंत्रात इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो. तेथे हे काम माहितगाराकडेच सोपवावे.

जुन्या तेलाचे काय करायचे?

सेकंदाला एक थेंब अशी गळती असेल, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक तेल जाते. वर्षाचा हिशेब दीड हजार लिटरांपर्यंत पोहोचतो. हे तेल कुठे तरी झिरपतेच. घोड आणि भीमा या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर उजनी धरणात जाते.

वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्यांनी ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांनाच द्यावे लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. १ एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेले तेल पुन्हा प्रक्रियेत आणण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र रांजणगाव औद्योगिक वसाहतीतच आहे. कारखान्यांची सोय यामुळे झाली. गावातल्या गॅरेजपर्यंत आणि शेताच्या बांधावर तेल बदलणाऱ्या ट्रॅक्टरमालकापर्यंत ही व्यवस्था पोहोचलेली दिसत नाही. तेथे जळके तेल अजूनही वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासले जाते, चुलीत ओतले जाते किंवा ओढ्याच्या कडेला सोडून दिले जाते.

वापरलेल्या हायड्रॉलिक तेलातून पाणी आणि घाण काढली, तर त्यापासून पुन्हा चांगले तेल बनते. त्यात ब्रेकचा द्रव, रॉकेल किंवा रंगाचे थिनर मिसळले, की त्याचे मोल जाते. म्हणून तेल बदलताना यंत्राखाली स्वच्छ पातेले ठेवावे, काढलेले तेल झाकणाच्या डब्यात वेगळे भरावे आणि डब्यावर आत काय आहे, ते खडूने लिहून ठेवावे. भंगारवाल्यापेक्षा परवानाधारक संकलकाने ते नेलेले बरे. अशा परवानाधारकांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात मागता येते.